सपाट तळाच्या दोन लहान फायबर होड्या: कोणती घ्यावी?

पहिली होडी घेणाऱ्याची पंचाईत बहुधा सारखीच असते. समोर दोन होड्या असतात, दोन्ही फायबरच्या आणि सपाट तळाच्या. लांबीत हात-दीड हाताचा फरक, बजेटमध्ये दोन्ही बसतात. विकणारा म्हणतो, "दोन्ही चांगल्या आहेत, तुम्हाला आवडेल ती घ्या." मग माणूस रंग बघतो, लांबी बघतो आणि जी जास्त लांब ती उचलतो.

लांबीवर जाऊ नका. सपाट तळाच्या लहान होडीत तळाची रुंदी, तळाची कमान (पुढे-मागे तळ किती उचललेला आहे ते) आणि मागच्या पाटीची तब्येत या तीन गोष्टींवर निवड ठरते. त्या तिन्ही कशा तपासायच्या ते क्रमाने सांगतो. हिशेब समजायला सोपा जावा म्हणून दोन नमुने धरू. एक टोकदार: नाळ, म्हणजे पुढचं टोक, निमुळती, लांबी 3.7 मीटर, काठाशी रुंदी 1.3 मीटर, तळाची रुंदी 1 मीटर, वजन 70 किलो. दुसरी चौकोनी: पुढून बोथट, लांबी 3.2 मीटर, काठाशी 1.4 मीटर, तळाशी 1.25 मीटर, वजन 85 किलो. तुमच्यासमोरच्या होड्यांचे आकडे वेगळे असतील, हिशेब हाच राहील.

पायरी 1: आधी पाणी ठरवा

होडी बघायला जाण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा. कुठल्या पाण्यात फिरणार? बहुतेक वेळा किती माणसं आणि किती सामान? वल्ही मारणार की मोटार लावणार?

तिसऱ्याला "दोन्ही" असं उत्तर लिहायचा मोह होतो. तरी जास्त वेळ काय करणार ते ठरवाच, कारण वल्ह्यांना सोपा जाणारा तळ आणि मोटारीला मानवणारा तळ एकसारखे नसतात.

पाण्याबद्दल एक गोष्ट पक्की समजून घ्या. तलाव, संथ नदी, खाडीचा आतला भाग, वितभर खोलीची उथळ जागा, हे सपाट तळाचं राज्य. उघड्या पाण्यात आखूड, उभ्या लाटा उठल्या की हाच तळ दणादण आपटतो, कारण लाट कापायला खाली धारच नाही. युरोपात विकल्या जाणाऱ्या होड्यांवर ए, बी, सी, डी अशी वर्गवारी असते. त्यातला 'डी' म्हणजे आडोशाचं पाणी: साधारण 30 सेंटीमीटरपर्यंत लाट, क्वचित अर्धा मीटर. होडीवर या वर्गाची खूण असो वा नसो, या आकाराची सपाट होडी घेताना हीच मर्यादा डोक्यात ठेवा. तुमचं पाणी याहून खवळलेलं असेल तर या दोघींपैकी कोणतीच नको. व्ही आकाराच्या तळाची होडी शोधा आणि हा लेख इथेच सोडा.

पायरी 2: होडी उलटी करा

वापरलेली होडी असेल तर हे टाळूच नका. विकणारा "कशाला, तळ मस्त आहे" म्हणाला तरी हसून म्हणा, "एकदा पालथी घालू या." 

काच-धाग्याचं थर बसवलेलं कवच ओढीला मजबूत असतं, पण कडक नसतं, वाकतं. गोलाई असली तर त्या गोलाईनेच कडकपणा येतो. सपाट तळाला तो आधार नाही. म्हणून चांगला बनवणारा तळात फासळ्या घालतो, मधे फोम किंवा लाकडाचा गाभा घालतो किंवा थर वाढवतो. जाडी दुप्पट झाली की कडकपणा आठपट होतो, त्यामुळे एखाद-दुसरा थर वाचवलेला लगेच जाणवतो. फासळ्यांच्या मधल्या जागेत तळहाताने, मग गुडघ्याने दाबून बघा. डब्याच्या पत्र्यासारखा आत-बाहेर होत असेल तर तो तळ पाण्यातही तसाच हलणार आणि वर्षानुवर्षं हलून शेवटी भेगाळणार.

आता भेगा वाचायला शिका. वरचा चकचकीत थर म्हणजे जेलकोट, साधारण अर्धा मिलिमीटर जाड. एका बिंदूपासून कोळ्याच्या जाळ्यासारख्या फुटलेल्या भेगा म्हणजे तिथे कधीतरी काहीतरी आदळलंय. पाठीमागच्या बाजूने धागे पांढुरके दिसत नसतील तर बहुतेकदा ते जेलकोटपुरतंच असतं. पण बाकाच्या टोकाशी, कोपऱ्यात किंवा तळाच्या कडेला समांतर ओळीत भेगा असतील तर तो भाग सतत वाकतोय. वरून जेलकोट भरून त्या जात नाहीत, पुढच्या मोसमात पुन्हा उगवतात. अशा दोन-तीन जागा दिसल्या की मी तरी त्या होडीतून मन काढतो.

तळ आणि बाजू मिळतात ती कड बोटांनी चाचपत संपूर्ण फिरा. वाळूवरून, दगडावरून होडी ओढली की पहिल्यांदा ही कड झिजते. बोटाला खरखर लागली, धागे टोचले, तर तिथून पाणी थरांत शिरतंय. पट्टी मारून दुरुस्त होण्यासारखं काम आहे. पण ते मान्य करून भाव करा.

मग नाणं घ्या आणि तळावर, बाजूंवर वीतभर अंतराने टकटक करत जा. घट्ट थराचा आवाज खणखणीत येतो. थर सुटले असतील किंवा आत गाभा भिजला असेल तिथे तो बसका, थपथप असा येतो. कान दहा मिनिटांत सरावतो. फासळीवर आवाज बदलतो, ते साहजिक आहे. बाकी जागी बदलला तर खडूने खूण करत जा आणि शेवटी त्या खुणांचा नकाशा बघा. फोड दिसले तर एखादा फोडायची परवानगी मागा. आतून व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर पाणी जेलकोट ओलांडून काच-धागे जोडणाऱ्या रेझिनमध्ये पोचलंय. फोडांमुळे होडी बुडत नाही, पण काम वाढतं: घासायची, कित्येक आठवडे वाळवायची आणि मग नव्याने थर द्यायचा.

पायरी 3: ट्रान्सम

मोटार लावणार असाल तर सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. मागची उभी पाटी, म्हणजे ट्रान्सम, बाहेरून फायबर दिसते पण बहुतेक लहान होड्यांत आत प्लायवूड असतं. मोटारीच्या बोल्टचं भोक, पाणी सोडायच्या बुचाचं भोक, वरची उघडी कड, यातल्या एखाद्या ठिकाणचं सील गेलं की पाणी लाकडात मुरतं. बाहेरचं कवच चकाचक असतानाही आत लगदा झालेला असू शकतो.

तपासायच्या तीन रीती आहेत. मोटार बसवलेली असेल तर तिचा खालचा भाग धरून मागे-पुढे हलवा आणि नजर ट्रान्समवर ठेवा. मोटारीबरोबर पाटीही वाकत असेल तर आतलं लाकूड गेलं. मोटार नसेल तर पाटीच्या वरच्या कडेवर हातांनी भार टाका. दुसरी रीत स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकण्याची, नाण्यासारखीच, वरून खाली. तिसरी रीत खात्रीची: खालच्या बाजूचा एखादा स्क्रू काढून बघा. टोक कोरडं आणि लाकडाचा भुसा पिवळसर निघाला तर छान. काळपट ओल, तपकिरी पाणी, कुजका वास आला तर ट्रान्सम उघडून नवी करावी लागेल. एवढं काम करून घ्यायची तयारी नवख्याने ठेवू नये असं माझं मत आहे. वल्ह्यांनीच चालवणार असाल तर गोष्ट थोडी वेगळी, तरी कुजणं थांबत नाही.

त्याच वेळी ट्रान्समची उंची मोजा. लहान मोटारींचे दांडे ठरावीक मापांत येतात: आखूड 15 इंच, म्हणजे 38 सेंटीमीटर, आणि लांब 20 इंच, 51 सेंटीमीटर. पंख्यावरची आडवी पट्टी तळाच्या पातळीला किंवा किंचित खाली यायला हवी. वर राहिली तर पंखा हवा ओढून नुसता फिरतो. फार खाली गेली तर विनाकारण अडथळा होतो आणि उथळात आपटते.

ट्रान्समच्या उजव्या बाजूला वरती बहुधा होडीचा ओळख क्रमांक कोरलेला असतो, तो असेल तर कागदाशी जुळवून घ्या. नोंदणीचे नियम जागोजागी निराळे असतात, तुमच्याकडचे आधी विचारून ठेवा.

पायरी 4: खरं वजन काढा

सांगितलेल्या वजनावर विश्वास ठेवू नका. घरगुती वजनकाटा पुरतो. होडीची मागची बाजू ठोकळ्यावर टेकवा, पुढची ठोकळ्यासकट काट्यावर. आकडा लिहा, ठोकळ्याचं वजन वजा करा. मग ठोकळ्यांच्या जागा न बदलता काटा मागे न्या आणि पुन्हा मोजा. दोन्हींची बेरीज म्हणजे होडीचं वजन. अशीच होडी नवी असताना 85 किलो असते आणि तुमच्यासमोरची 110 भरली, तर वरचे 25 किलो म्हणजे बहुधा बाकांखालच्या फोमने किंवा तळाच्या गाभ्याने पिऊन ठेवलेलं पाणी. ते उन्हात ठेवून सहज निघत नाही.

त्या फोमबद्दल दोन शब्द, कारण नवखे लोक तो बघतच नाहीत. 1961 साली बोस्टन व्हेलर कंपनीचे संस्थापक डिक फिशर त्यांच्या 13 फुटी होडीत बसले आणि मधोमध करवत चालवून होडीचे दोन तुकडे केले, तरी दोन्ही तुकडे तरंगत राहिले. 'लाइफ' मासिकात ते फोटो आले आणि दोन कवचांमध्ये फोम भरायची कल्पना लोकांना पटली. साध्या होड्यांत एवढा फोम नसतो, बाकांखाली थोडा असतो. फायबरचा थर पाण्याच्या साधारण दीडपट जड असतो, म्हणून 75 किलोचं रिकामं कवच पाण्यात पूर्ण बुडालं की त्याचं वजन 25 किलोच्या आसपास उरतं. 100 लिटर कोरडा फोम सुमारे 97 किलो उचलतो. म्हणजे कवच, छोटी मोटार आणि काठ धरून तरंगणारी दोन माणसं एवढं निभावतं. ज्या होडीत फोम नाही, नुसती हवाबंद पेटी आहे, तिचं झाकण उघडून आत पाणी आहे का ते बघा. दोन्ही होड्यांत बाकी सारखं असेल तर फोमवाली घ्या.

पायरी 5: भार आणि डुलणं

एक सोपा नियम पुष्कळदा सांगितला जातो, किती माणसं बसवायची ते होडीवर लिहिलेलं नसेल तर अमेरिकी तटरक्षक दलही तोच देतं: लांबी आणि रुंदी फुटांत घेऊन गुणा, 15 ने भागा, तेवढी माणसं. आपल्या टोकदार होडीचं उत्तर 3.45, चौकोनीचं 3.2. दोन्हींना तीन माणसं. पण तिघं त्यात बसली की दोन्हींचं वागणं अजिबात सारखं नसतं. हे गणित काठाची रुंदी धरतं आणि पाणी तळाला लागतं.

म्हणून दुसरं गणित करा. होडीचा पाण्याला टेकणारा भाग किती चौरस मीटर आहे ते काढा. टोकदार होडीत नाळ निमुळती आणि तळाला कमान असल्याने लांबी 3.4, रुंदी 1 धरून त्याच्या सुमारे 70 टक्के, म्हणजे 2.4 चौरस मीटर. चौकोनीत लांबी 3 मीटर, रुंदी 1.25, त्याच्या 90 टक्के, म्हणजे 3.4. एक चौरस मीटरवर एक सेंटीमीटर खाली जायला 10 किलो लागतात. टोकदार होडी दर 24 किलोला एक सेंटीमीटर बसते, चौकोनी दर 34 किलोला. दोन माणसं 140 किलो, सामान 30 किलो आणि होडीचं स्वतःचं वजन धरलं तर पहिली 10 सेंटीमीटर बुडते, दुसरी साडेसात. उथळ पाण्यात हे अडीच सेंटीमीटर म्हणजे खाली उतरून ढकलायचं की बसून राहायचं एवढा फरक.

डुलण्याचं गणित याहून जोरकस आहे. सरळ उभ्या होडीची स्थिरता रुंदीच्या घनाने वाढते. तळ 1 मीटरचा 1.25 झाला की त्याच लांबीला स्थिरता जवळजवळ दुप्पट. मासे धरायला उभं राहायचं असेल, लहान मुलं असतील, आत-बाहेर चढउतार सतत असेल, तर चौकोनीच.

पण ही स्थिरता सुरुवातीचीच असते, हे विसरू नका. सपाट तळ पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून राहतो. लाट आली की लाटेच्या उताराबरोबर तोही कलतो. आणि एका मर्यादेपलीकडे कलला की आधार एकदम सुटतो, आधी कुरकुर करून सावध करत नाही. बाजू वर जाताना बाहेर उघडत गेल्या असतील तर कलताना आणखी आधार मिळतो. टोकदार होडीत हा उघडेपणा बहुधा जास्त असतो. म्हणून पहिल्या पावलाला डगमगणारी होडी लाटेत जास्त भरवशाची निघू शकते. नवख्याला हे उलटं वाटतं, आणि पुष्कळांची निवड इथेच फसते.

आत साचलेलं पाणी हा सपाट तळाचा खास शत्रू. चौकोनी होडीत पाच सेंटीमीटर पाणी म्हणजे 170 किलो, आणि ते सगळं एका क्षणात खालच्या बाजूला धावतं. उपसायचं भांडं दोरीने बांधलेलं असावं.

पायरी 6: वल्ही की मोटार

तळाखाली एक लांब सरळ फळी धरा. पुढे-मागे फळीपासून तळ उचललेला दिसला तर ती कमान. कमानीमुळे मागची पाटी पाण्याबाहेर राहते, पाणी मागे सहज सुटतं आणि वल्हं हलकं जातं. मोटारीला मात्र मागचा अर्धा भाग सरळ हवा, नाहीतर वेग वाढवताच मागचा भाग खाली बसतो आणि नाळ आकाशाकडे बघते. टोकदार आणि कमानदार होडी म्हणून वल्ह्यांची, चौकोनी आणि सरळ होडी मोटारीची. 

लांबीने वेग वाढतो हे खरं, पण या मापात किती? पाण्यातली लांबी 3.4 मीटर असेल तर पाणी कापत जाण्याची कमाल गती सुमारे 4.5 नॉट (एक नॉट म्हणजे ताशी 1.85 किलोमीटर), 3 मीटरला 4.2. ताशी अर्ध्या किलोमीटरचा फरक. वल्ह्यांनी तुम्ही तिथवर पोचतही नाही. बोथट नाळ वाऱ्यासमोर पाणी ढकलत राहते, हात भरून येतात ते त्यामुळे.

खाली मागच्या बाजूला उभी पट्टी, म्हणजे स्केग, आहे का बघा. नसेल तर सपाट होडी वाऱ्यात आडवी घसरत जाते आणि अर्धी ताकद सरळ ठेवण्यातच खर्च होते. वल्ह्यांच्या लांबीसाठी जुना हिशेब आहे: वल्ही अडकवायच्या दोन्ही कड्यांमधलं अंतर इंचांत घ्या, निम्मं करा, दोन मिळवा, 25 ने गुणून 7 ने भागा. 48 इंच अंतराला 93 इंच, पावणेआठ फूट. होडीबरोबर पाच-सहा फुटांची वल्ही फुकट देत असतील तर ती अडीअडचणीसाठी ठेवा, रोजच्यासाठी नाही.

मोटार लावून एकटेच जाणार असाल तर मोटार आणि तुम्ही दोघंही मागे. इंधनाची टाकी किंवा बॅटरी पुढे ठेवायला जागा आणि तारेला लांबी आहे ना, हे जागेवरच बघा.

पायरी 7: पाण्यात उतरवा

आतापर्यंतचं सगळं जमिनीवर. पाण्यात न उतरवता होडी घेऊ नका, आणि एकटे जाऊ नका. नेहमी जेवढी माणसं असतील तेवढी न्या, लाइफ जॅकेट घालून.

कमरेइतक्या पाण्यात, किनाऱ्याला लागून, सगळे बसा आणि पाण्यापासून काठाची उंची सगळ्यात खालच्या जागी मोजा. मग एकाने मधल्या बाकावरून बाजूला सरकून काठाशी बसावं. आता उरलेली उंची वीतभरही नसेल तर तेवढी माणसं त्या होडीत जास्त आहेत. दुसऱ्या होडीत हेच, त्याच माणसांनी, त्याच जागी करा. मग उभं राहून बघा, वल्ही मारून वळून बघा, वाऱ्याला आडवी ठेवून किती घसरते ते बघा. बाहेर आल्यावर ती दोघांनी उचलून गाडीपर्यंत न्या. 15 किलोंचा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण ओल्या चिखलात पन्नास पावलं चालल्यावर वाटत नाही, आणि उचलायला कंटाळा येणारी होडी घरीच पडून राहते.

माझा कल विचाराल तर संथ, उथळ पाणी, मोटार, दोघं-तिघं आणि सामान असेल तर चौकोनी. एकट्याने किंवा दोघांनी वल्ह्यांनी लांब जायचं असेल, वारा-लाट थोडी असेल, उचलायला माणसं कमी असतील, तर टोकदार. आकार कितीही जुळला तरी पायरी 2 आणि 3 मध्ये नापास झालेली होडी घेऊ नका. दोन्ही नापास झाल्या तर तिसरी शोधा. या जातीच्या होड्या दुर्मिळ नाहीत.

घेतल्यावर पहिल्या फेरीच्या आधी बुचाचा रबर बदला आणि पुढच्या कडीला होडीच्या लांबीपेक्षा जास्त दोर बांधा. फेरी संपली की बूच काढून बाहेर येणारं पाणी बादलीत धरा आणि किती आलं ते लिहून ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला तो आकडा वाढला तर पाणी कुठून येतंय ते तेव्हाच शोधायला घ्या.